रुग्ण सांभाळण्याचं काम शोधताना: ब्युरोच्या दारापासून पहिल्या केसपर्यंत

पुण्या-मुंबईत 'आईला सांभाळायला कुणी चांगली बाई आहे का?' हा प्रश्न रोज कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतोच. कोथरूडला, पार्ल्याला, ठाण्याला वयस्क जोडपी एकटी राहतात आणि मुलं बंगळुरात नाहीतर परदेशात. पक्षाघात झालेले वडील दवाखान्यातून घरी आणले की दुसऱ्या दिवसापासून माणूस लागतं. त्यामुळे या धंद्यात काम मिळत नाही अशी तक्रार क्वचितच ऐकू येते. ज्या तक्रारी येतात त्या वेगळ्या. बारा तास सांगून सोळा तास ठेवलं. पेशंटबरोबर घराची धुणीभांडीही गळ्यात पडली. पंधरा दिवसांचे पैसे ब्युरोनं, म्हणजे घरोघर अशी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीनं, अडकवले. म्हणून या लेखात काम कुठं मिळतं याला थोडी जागा दिली आहे, आणि काम पत्करण्याआधी काय विचारायचं, पहिल्या दिवशी काय करायचं याला जास्त.

आधी पायरी ओळखा

बाहेरच्यांना सगळ्याच 'सिस्टर' वाटतात, पण कामाच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. नर्सिंगमध्ये एएनएम (सहायक परिचारिका) दोन वर्षांचा अभ्यासक्रम, जीएनएम (जनरल नर्सिंग) तीन, बीएस्सी नर्सिंग चार. हे शिकलेल्यांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते आणि त्यांनाच परिचारिका म्हणवून घेता येतं. त्याखाली रुग्णसहायक, म्हणजे दवाखान्यात जनरल ड्युटी असिस्टंट आणि घरी होम हेल्थ एड. बोलीत ॲटेंडंट, केअरटेकर, मावशी, मामा, ब्रदर. हा लेख या दुसऱ्या गटासाठी आहे.

सहायकाचं काम असं: अंघोळ किंवा स्पंजिंग, तोंड धुणं, डायपर आणि बेडपॅन, भरवणं, कूस बदलणं, खुर्चीत बसवणं, चालवणं, ताप-नाडी-बीपी-ऑक्सिजन मोजून लिहिणं, डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांची आठवण करून हातात देणं. इंजेक्शन, सलाईन, नाकातली किंवा लघवीची नळी घालणं, गळ्यातल्या नळीचं सक्शन (साचलेला कफ यंत्राने ओढून काढणं) ही प्रशिक्षित परिचारिकेची कामं. 'आधीची मावशी तर टोचायची' असं पेशंटच्या घरचे म्हणतील. टोचत असेलही. पण काही बिघडलं तर पोलीस आधीच्या मावशीला शोधत जाणार नाहीत.

शिकायचं कुठं

प्रशिक्षणाशिवाय काम मिळतं, हे खरं आहे. आठवी शिकलेल्या चाळिशीतल्या बायकांना ब्युरोवाले आज नाव लिहून उद्या केसवर, म्हणजे पेशंटच्या घरी कामाला, पाठवतात. तरी शक्य असेल तर शिकून जा. प्रमाणपत्र असलं की पगार किती वाढेल हे ब्युरोवर अवलंबून असतं, पण पेशंटला उचलताना आपली पाठ कशी वाचवायची हे केसवर कुणी शिकवत नाही.

केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे जनरल ड्युटी असिस्टंट आणि होम हेल्थ एड असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर जून 2021 मध्ये जे सहा झटपट अभ्यासक्रम काढले, त्यातही होमकेअरचा होता. तेव्हा शिकून नंतर बाजूला पडलेल्यांनी ते प्रमाणपत्र शोधून काढावं, उपयोगी पडतं. खेड्यातल्या गरीब घरच्या मुलामुलींसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. तिथे प्रशिक्षण मोफत, वय 15 ते 35, बायकांना 45 पर्यंत सवलत. गावातल्या 'उमेद'च्या बचतगटाच्या ताईंना विचारलं तर जवळचं केंद्र त्या सांगतील. फार शिक्षण नसेल तर जन शिक्षण संस्थेत चौकशी करा. त्या मुळात कमी शिकलेल्यांसाठीच आहेत. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे प्रथमोपचार आणि गृहपरिचर्येचे छोटे वर्गही जुने आणि विश्वासाचे.

वर्ग निवडताना फी किती हे विचारण्याआधी विचारा, की दवाखान्यात प्रत्यक्ष किती दिवस नेणार आणि कुठल्या? नाव सांगायला टाळाटाळ झाली तर समजून जा. शिकून गेलेल्या दोघीतिघींचे नंबर मागा. आणि एक धोका ठळकपणे सांगते: गल्लीबोळात 'सहा महिन्यांत नर्स व्हा' अशा पाट्या असतात, पन्नास-साठ हजार फी घेतात. सहा महिन्यांत कुणी नर्स होत नाही. त्या कागदावर परिषदेत नोंदणी मिळत नाही आणि मोठं हॉस्पिटल तुम्हाला ॲटेंडंट म्हणूनच घेणार. ज्याला खरंच नर्सिंग करायचंय त्याने प्रवेशाआधी संस्थेचं नाव परिषदेच्या यादीत स्वतः पाहावं.

शिकून झालं की माझं मत असं, की पहिले चार-सहा महिने दवाखान्यातल्या वॉर्डात काढावेत. पगार घरच्या ड्युटीपेक्षा कमी वाटेल. पण वॉर्डात एका दिवसात दहा तऱ्हेचे पेशंट दिसतात, चुकलं तर सिस्टर लगेच ओरडते आणि तो ओरडाच खरा अभ्यासक्रम असतो. घरच्या केसवर तुम्ही एकटेच असता.

कागदांची पिशवी

आधार, पॅन, बँक पासबुक, शाळेचा दाखला, प्रमाणपत्र, चार फोटो. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळतो. तो स्वतःच काढून ठेवलात तर घरचे लगेच विश्वास टाकतात. कावीळ-बी ची लस घ्या. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. लस घेतल्याचा कागद जपा.

मूळ कागद कुणाकडेही ठेवायचे नाहीत, ब्युरोकडे तर नाहीच. 'फाईलला लागतं' म्हणून दहावीची गुणपत्रिका ठेवून घेतात आणि काम सोडायचं म्हटलं की ती परत मिळत नाही. झेरॉक्स द्या आणि तिच्यावर पेनाने आडवं लिहा: 'फक्त अमुक ब्युरोच्या नोंदणीसाठी', खाली तारीख.

ई-श्रम कार्ड काढून घ्या, नोंदणी मोफत आहे, वय 16 ते 59. बँकेत वर्षाला 20 रुपये भरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. घरातच काम करणार असाल तर महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळातल्या नोंदणीचीही चौकशी कामगार आयुक्त कार्यालयात करा. मंडळाचा कायदा 2008 चा आहे.

काम कोण देतं

ब्युरो सगळ्यात जवळचा. मोठ्या रुग्णालयांच्या आसपास ते दाटीने असतात. परळला केईएम, टाटा, वाडिया यांच्या भोवती फिरलात तर पाट्या दिसतील. ब्युरो घरच्यांकडून पैसे घेतो, त्यातून आपलं कमिशन कापून तुम्हाला देतो. होमकेअर कंपन्या थोड्या वेगळ्या चालतात. पोर्टिया, अपोलो होमकेअर, एचसीएएच ही त्यातली ओळखीची नावं. तिथे मुलाखत, चाचणी, गणवेश, ॲपवर हजेरी असते. कंपनी पगारावर ठेवणार असेल तर विचारा, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापणार का? महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागू होतं आणि त्यात तुमच्या स्वतःच्या घरच्यांचाही दवाखाना येतो. 'पगारावर' म्हणतात आणि प्रत्यक्षात दिवसावर पैसे देतात, असंही चालतं. नेमणुकीचा कागद मागितला की उलगडा होतो.

हॉस्पिटलमध्ये थेट नोकरी हवी असेल तर नर्सिंग सुपरिंटेंडेंट किंवा मेट्रन यांना भेटा. रिसेप्शनवर बायोडेटा ठेवून काही होत नाही. सरकारी जागा जाहिरात आणि परीक्षेतून भरतात.

चौथा दरवाजा फिजिओथेरपिस्टचा, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. घरोघर जाणाऱ्या फिजिओला कुठल्या घरात माणूस हवंय हे सगळ्यात आधी कळतं. मेडिकल दुकानदाराला आणि भाड्याने हॉस्पिटल बेड देणाऱ्यालाही. यांच्याकडे तुमचा नंबर असला पाहिजे. पुरुषांसाठी आणखी एक गोष्ट: वजनदार पेशंट आणि रात्रपाळी यांना ब्रदर शोधून सापडत नाहीत. नोंदणी करताना 'नाईट चालेल' एवढं म्हटलं तरी फोन लवकर येतो.

फोनवरच विचारायचं

ब्युरोचा फोन येतो: 'मावशी, एक आजोबा आहेत, साधी केस आहे, उद्या सकाळी आठला जा.' साधी केस असं काही नसतं. हो म्हणायच्या आधी विचारा.

पेशंट बाई की पुरुष, वय, वजन अंदाजे किती? चालतो, बसतो की पूर्ण अंथरुणावर? नळ्या कुठल्या आहेत? डायपर की बेडपॅन? जखम आहे का, आणि तिचं ड्रेसिंग कोण करतं? विसरतो का, रात्री उठून बाहेर जातो का, मारतो का? विसराळू पेशंटचा हात उठतो यात त्याचा दोष नसतो, पण तुम्हाला आधी माहीत हवं. टीबी किंवा दुसरा संसर्ग आहे का? मास्क-ग्लोव्हज कोण आणणार?

मग घर. कितवा मजला, लिफ्ट आहे का? घरात आणखी कोण राहतं, दिवसा कोण असतं? नव्वद किलोच्या आजोबांना एकटीने उचलायचं असेल तर ती एका माणसाची केसच नाही. कुत्रा आहे का? जेवण घरचं की डबा न्यायचा?

चोवीस तासांची ड्युटी असेल तर झोपायला जागा कुठली, पेशंट रात्री किती वेळा उठतो, दिवसात सलग दोन तास आपल्याला कधी मिळणार, आठवड्याची सुट्टी कधी आणि त्या दिवशी बदली माणूस कोण देणार? चोवीस तास म्हणजे चोवीस तास जागं राहणं नव्हे, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं लागतं. पेशंट रात्री दर तासाला उठत असेल तर तिथे दिवसाला एक आणि रात्रीला एक अशी दोन माणसं लागतात. तसं सांगा. घरचे ऐकतील, नाहीतर दुसरीकडे जाल. आठवड्याभरात डोळ्यावर झापड येऊन पेशंट पडला, तर तो दोष तुमच्याच माथी येणार.

कामाची हद्द ठरवा. पेशंटचे कपडे, पेशंटचं ताट, पेशंटची खोली हे आपलं काम. पेशंटची पेज किंवा खिचडी करणं बहुतेक जणी मान्य करतात. घरातल्या पाच माणसांचा स्वयंपाक हे वेगळं काम आणि त्याचे वेगळे पैसे. पहिल्या आठवड्यात 'जरा एवढी भाजी चिरता का' म्हणून सुरुवात होते. मदत करू नका असं मी म्हणत नाही. घरात वावरताना माणूस थोडं पुढे-मागे करतोच. पण तीन दिवस सलग चिरलीत की चौथ्या दिवशी तो नियम होतो.

पैशांचं बोलणं

ब्युरोला चार गोष्टी स्पष्ट विचारा: घरच्यांकडून दिवसाला किती घेता, मला किती देणार, कधी देणार, आणि काय कापणार. समजा घरून दिवसाला 900 घेतले आणि तुम्हाला 650 मिळाले, तर महिन्याच्या 26 ड्युट्यांत ब्युरोकडे 6,500 राहिले. तेवढ्यात त्याने बदली माणूस दिलं, भांडण मिटवलं, पेशंट दवाखान्यात गेला तर दुसरी केस लावली, तर कमिशन वाजवी. नुसता नंबर देऊन मोकळा होत असेल तर महाग. नोंदणीसाठी शे-दोनशे घेणं चालतं, पण 'डिपॉझिट' म्हणून हजारो मागणाऱ्याच्या पायऱ्या उतरून या.

पहिल्या महिन्यात आठवड्याला पैसे मागा, तेही खात्यावर किंवा यूपीआयवर, म्हणजे नोंद राहते. रोख मिळाले तर वहीत तारीख-रक्कम लिहून देणाऱ्याची सही घ्या. पेशंट मधेच दवाखान्यात भरती झाला तर त्या दिवसांचं काय, हेही आधीच ठरवा. केस टिकेल की नाही या काळजीत कितीतरी जणी त्या काळात फुकट थांबतात.

घरचे पुढे म्हणतीलच, 'ब्युरो सोडा, थेट आमच्याकडे या.' हातात जास्त पडतं, मोह होतो. ब्युरोच्या कागदावर तुम्ही काय सही केलीय ते आधी वाचा. आणि या घरची केस संपल्यावर पुढची कोण देणार, तेही पाहा.

पहिला दिवस

दहा मिनिटं लवकर जा. नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, केस बांधलेले, वेगळी चप्पल. हात साबणाने धुऊन मगच पेशंटच्या खोलीत. पेशंटशी आधी बोला, नाव सांगा, मग हात लावा. आजी बेशुद्ध असल्या तरी 'आजी, कूस बदलते हं' असं म्हणायचं.

त्यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. घरातल्या एका माणसाला समोर उभं करून पेशंटचं अंग डोक्यापासून पायापर्यंत पाहा. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्यांची पाती, कोपरं, डोक्याची मागची बाजू, कारण शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) इथेच होतात. कुठे लाली, जखम, काळानिळा डाग दिसला तर वहीत लिहा, घरच्यांना दाखवा, त्यांनाच त्यांच्या फोनवर फोटो काढायला सांगा. हे केलं नाही तर चार दिवसांनी 'तुमच्या हातून झालं' हे ऐकावं लागतं.

वही कुठलीही चालेल, शंभर पानी. रोज एक पान. सकाळी ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन. किती पाणी आणि पेय गेलं, किती लघवी झाली, शौच झाली का. काय खाल्लं. कुठल्या वेळी कुठली गोळी. कूस कधी बदलली. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, मग एअर बेड असो वा नसो. प्रौढ माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला 60 ते 100, श्वास 12 ते 20. पण तुमच्या पेशंटचं नेहमीचं काय, हे डॉक्टरांना विचारून पहिल्या पानावर लिहा. दम्याच्या जुन्या पेशंटचा ऑक्सिजन 91 असेल आणि डॉक्टरांना तो मान्य असेल, तर तुम्ही घाबरून घर डोक्यावर घ्यायचं कारण नाही.

नाकातल्या नळीने भरवताना डोकं चांगलं वर हवं, निम्मं बसल्यासारखं, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तसंच. लगेच आडवं केलं तर अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं. लघवीची पिशवी कायम ओटीपोटापेक्षा खाली. कूस बदलताना ती गादीवर उचलून ठेवतात, ते चुकीचं. बायकांची स्वच्छता करताना पुढून मागे पुसायचं. व्हीलचेअरचे ब्रेक लावल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही, आणि पक्षाघाताच्या पेशंटला उठवताना खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला ठेवायची. वर सरकवायचं असेल तर काखेत हात घालून ओढू नका. अंगाखाली आडवी दुमडलेली चादर घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी उचला. गुडघे वाकवा, कंबर नको.

इन्शुलिनची वापरलेली सुई कुणी कचऱ्यात टाकली आणि ती टोचली, तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, दाबून रक्त काढू नका आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी घरच्यांकडून जाड प्लास्टिकची झाकणाची बरणी सुयांसाठी मागून घ्या.

पहिल्या पानावर तीन नंबर हवेत: घरचा जबाबदार माणूस, डॉक्टर, आणि 108. तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, छातीत दुखलं, श्वास घरघरला किंवा हाक मारून ओ येईना, तर आधी 108 आणि मग मुलाला अमेरिकेत फोन.

घरातलं वागणं

कपाटाच्या किल्ल्या घ्यायच्या नाहीत. आजींच्या बांगड्या अंघोळीसाठी काढाव्या लागल्या तर घरच्यांच्या हातात द्या. औषधं आणायला पैसे दिले तर बिल आणि उरलेले पैसे त्याच वेळी परत. कॅमेरे कुठे आहेत ते विचारा. पेशंटच्या खोलीत असतील तर असू देत, पण तुम्ही कपडे बदलता किंवा झोपता तिथे नकोत.

काही घरांत अजूनही आडनाव विचारून कप वेगळा ठेवतात. ज्या हातांनी त्यांच्या वडिलांची शी काढायची, त्या हातांना घरातला कप चालत नाही. सहन करायचं की केस सोडायची हे ज्याच्या-त्याच्या पोटावर अवलंबून, सल्ला देणं सोपं आहे. ब्युरोला मात्र सांगा, म्हणजे निदान दुसरीला तिथं पाठवताना त्यांना माहीत असेल.

अंगचटीला येणं, घाणेरडं बोलणं, रात्री दार वाजवणं हे पेशंटकडून होवो की घरच्या पुरुषाकडून, लगेच तिथून निघा. 112 किंवा महिला हेल्पलाइन 181. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घरात काम करणाऱ्यांनाही लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत, लेखी करायची. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते.

परदेशाचं आमिष

जपानमध्ये वृद्धांच्या देखभालीच्या कामासाठी भारतातून माणसं घेतात. त्यासाठी जपानी भाषेची आणि कामाची परीक्षा द्यावी लागते. आखातात आणि इस्रायलमध्येही मागणी असते. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. 'व्हिजिट व्हिसावर जा, तिथे काम लावून देतो' म्हणणाऱ्याला पासपोर्ट दाखवायलाही जाऊ नका.

केस सुटली की

पेशंट बरा होतो, मुलाकडे जातो किंवा जातोच. शेवटच्या प्रसंगात लगेच पैशांचं बोलणं कठीण जातं, म्हणून हिशेब आठवड्याच्या आठवड्याला चुकता ठेवायचा. दहाव्या-बाराव्यानंतर एक फोन करून दोन ओळींचं पत्र मागा: अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत आमच्याकडे होत्या, पेशंटची अवस्था अशी होती, काम असं केलं, खाली सही आणि फोन नंबर. घरचे कधीच नाही म्हणत नाहीत, फक्त मागावं लागतं. वही मात्र त्यांच्याकडेच राहू द्या, ती पेशंटची आहे. मग ब्युरोला, फिजिओला आणि मेडिकलवाल्याला कळवा की तुम्ही मोकळ्या आहात, कधीपासून, आणि या वेळी कुठली केस नको तेही.